प्लॉटच्या जाहिरातीत लांबी-रुंदी पण छापा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या पेपरात बेसा, बेलतरोडी, जामठा, उमरेड रोडकडच्या प्लॉटच्या जाहिराती भरभरून येतात. भाव असतो, आरएल (प्लॉट मंजूर असल्याचं रिलीज लेटर) आहे की नाही असतं, मेट्रो स्टेशन किती मिनिटावर तेही असतं (कोणाच्या गाडीने ते नसतं!), पण प्लॉटची बाजू किती फूट हे काही नसतं, नुसतं 900 चौ. फूट नाहीतर 1500 चौ. फूट. मग लोक त्यावरून घरी बसल्या हिशोब लावून राहिले आणि तो असा काही चुकून राहिला की म्हटलं आता लिहूनच टाकू. मी बांधकामावर ओव्हरसियर होतो, आता रिटायर आहे, म्हणून ओळखीचे लोक विचारायला येतात.

आमच्या साडूंचंच घ्या. 900 चौ. फुटाचा प्लॉट, चारही बाजू सारख्या, तारेचं कंपाऊंड करायचं होतं. कंपाऊंडवाल्याने कोटेशन दिलं 900 रनिंग फुटाचं! साडू म्हणे बरोबरच आहे ना, बाजू चार, 900 भागिले 4, एक बाजू 225 फूट. अहो, पूर्ण एक एकर जमीन चौरस मांडली तरी तिची बाजू 209 फुटाच्या आतच राहते, म्हणजे कागदावर साडूंच्या 900 फुटाचं एकराहून मोठं वावर झालं की. क्षेत्रफळाला 4 ने भागायचंच नसतं, कोणत्या संख्येला तिनेच गुणलं की 900 येतात ते शोधायचं असतं. तीस गुणिले तीस. बाजू 30 फूट, तार 120 फूट, गेट सोडलं तर त्याहून कमी. ॲडव्हान्स द्यायच्या आधी कळलं म्हणून बरं.

आता 900 ला सोपं आहे, 1500 ला काय करायचं असं लोक विचारतात. बऱ्याच मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये वर्गमुळाचं बटन असतं, पण नसलं तरी अडत नाही. अंदाजाने 40 धरा. 1500 ला 40 ने भागलं की 37.5 येतात. 40 आणि 37.5 ची सरासरी 38.75, झालं, खरं उत्तर 38.73 च्या आसपास आहे. अजून बारीक पाहिजे तर 38.75 घेऊन परत तेच करा. पण पुढे लोक पुन्हा घसरतात, कारण 38.73 फूट म्हणजे 38 फूट 7 इंच नाही. फुटात इंच 12 असतात, म्हणून .73 ला 12 ने गुणायचं, ते होतात पावणेनऊ इंच. टेपवर पावणेदोन इंचाचा फरक पडतो आणि शेजाऱ्याशी भांडायला तेवढा पुरतो.

मीटरचा घोळ वेगळाच. कागदपत्रात क्षेत्र चौ. मीटरमध्ये असतं, त्याचे चौ. फूट करताना 10.764 ने गुणतात ते बरोबर, पण बाजू मीटरमध्ये काढली असेल तर तिला 3.28 नेच गुणायचं. 11.8 मीटरच्या बाजूला 10.764 ने गुणून 127 फूट सांगणारा एक एजंट मी स्वतः पाहिला आहे, आणि कॉन्फिडन्स असा की मोजणीवाला लाजेल.

त्यापेक्षा जुन्या लोकांचा गुंठा बरा. 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौ. फूट, वर्गमूळ सरळ 33. त्याची बाजू डबल करून 66 केली की दोन नाही, चार गुंठे होतात, हे पण बऱ्याच जणांना पटत नाही. जागेवर जाल तेव्हा चार बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्णही मोजा, कारण बाजू सारख्या असून प्लॉट तिरपा असला तर क्षेत्रफळ कमी भरतं. गुंठ्याचा चौरस नीट असेल तर दोन्ही कर्ण 46 फूट 8 इंच यायला पाहिजेत.

आणि मुळात प्लॉट चौरस असेल तरच हे वर्गमुळाचं काम चालतं, जाहिरातीत तर तेही लिहिलेलं नसतं. 30 बाय 50 पण 1500 आणि 15 बाय 100 पण 1500. पहिल्याला कंपाऊंड 160 फूट, दुसऱ्याला 230, आणि 15 फूट रुंदीत दोन्हीकडून मार्जिनची मोकळी जागा सोडल्यावर माणूस घर बांधेल कुठे? भाव मात्र चौ. फुटावर, दोघांचा सारखाच.

म्हणून विनंती एवढीच की तुमच्या जाहिरात विभागाने प्लॉटच्या जाहिरातीत क्षेत्रफळासोबत लांबी-रुंदी पण लिहून मागावी. जागा वाढते म्हणून लेआउटवाले कुरकुर करतील, तर त्यांना 'मोजकेच प्लॉट शिल्लक' ही ओळ काढायला सांगा, ती दर रविवारी तशीच असते.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर