केळ्यातले 'के' आणि आमचा पोकळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला जीवनसत्त्व 'के'वरचा लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण 'केळ्यात के भरपूर असते' हे खरेच छापले आहे का ते बघायचे होते. अहो, ते के म्हणजे पोटॅशियम! कॅलियम या लॅटिन नावावरून आलेली संज्ञा. नववीच्या पोरांच्या याच चुकीवर मी ३१ वर्षे लाल शाई खर्चली. जीवनसत्त्व के केळ्यात नावापुरते.

एवढेच असते तर गप्प बसले असते. पण के-२, म्हणजे याच जीवनसत्त्वाचा एक प्रकार, त्याबद्दल 'पन्नाशीनंतर प्रत्येकाने के-२ सुरू करावे, हृदयही राखते आणि हाडेही' असे ठोकून दिले आहे आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी काय करावे यावर पाऊण पानात एक ओळ नाही. लेखाखाली के-२ च्या कॅप्सूलची रंगीत जाहिरात मात्र आहे. योगायोग असेल.

आमच्या यजमानांच्या हृदयात २०११ पासून धातूची झडप आहे. रात्री आठची वॉरफरिन, म्हणजे तीच रक्त पातळ करणारी गोळी, कधी चुकत नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा, त्यांचा २.८-२.९ च्या पुढेमागे असायचा. गेल्या मिरगाच्या तोंडावर गुडघे धरले म्हणून औषध दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. 'कॅल्शियमच ते, त्यात काय,' दुकानदार म्हणाला. आम्हालाही तसेच वाटले. महिन्याच्या तपासणीत आयएनआर १.६! डॉक्टरांनी आधी माझ्याकडेच बघितले. 'काकू, भाजी कुठली घातली?' ठरल्यापेक्षा जास्त पोकळा नाही, मेथी नाही, शेपू नाही, मी शपथेवर सांगितले. मग घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला लावल्या. कॅल्शियमच्या पट्टीमागे, चकचकीत चंदेरी कागदावर मुंगीच्या अक्षरात, भिंग लावून वाचले: मेनाक्विनोन-७, ४५ मायक्रोग्रॅम. म्हणजे एमके-७, तुमचे के-२. वॉरफरिनचे काम के-ला अडवायचे, आणि आम्ही रोज जेवणानंतर तेच वाढत होतो. पालेभाजीतले के-१ काही तासांत रक्तातून ओसरते, हे एमके-७ दिवसेंदिवस रेंगाळते, म्हणून इवल्याशा गोळीनेही साचत जाते. आठ दिवस यजमानांच्या पोटावर रक्त पातळ ठेवायची इंजेक्शने झाली.

लेखकाने नेदरलँडमधल्या रॉटरडॅमचा २००४ चा अभ्यास मोठ्या तोऱ्यात दिला आहे. के-२ जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसला, हे बरोबर. पण ते लोकांनी सांगितलेल्या खाण्यावरून, आणि ते लोक चीज खाणारे. डेन्मार्कमध्ये ३६५ वयस्कर पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे प्रत्यक्ष एमके-७ आणि ड जीवनसत्त्व दिले, तरी हृदयाच्या झडपेत कॅल्शियम साचायचे कमी झाले नाही. हे २०२२ चे. त्याला जागा पुरली नसावी. जपानमध्ये हाडांसाठी एमके-४, के-२ चाच दुसरा प्रकार, औषध म्हणून देतात तेही दिवसाला ४५ मिलिग्रॅम, आमच्या पट्टीवरच्या आकड्याच्या हजारपट. आणि 'नाट्टो खा' म्हणता, तो जपानी आंबवलेला सोयाबीन खानापूरच्या आठवडी बाजारात कुठल्या गाड्यावर मिळतो तेवढे कळवा, पिशवी घेऊन जाते.

जाता जाता आणखी एक. झडप बसवून घरी सोडताना दवाखान्याने जेवणाचा जो कागद दिला तो फक्त कन्नडमध्ये. कन्नडशी आमचे वाकडे नाही, सून धारवाडची आहे, पण तेव्हा ती घरात आली नव्हती. कंपाउंडरने घाईत सांगितले, 'सोप्पू बंद, म्हणजे पालेभाजी बंद.' वर्षभर मी त्या माणसाला दोडका-दुधीवर ठेवले. पुढे सुनेने तोच कागद वाचला तर लिहिले होते, पालेभाजी रोज साधारण सारख्या प्रमाणात खावी. बंद नव्हतीच! आता सोमवारी-गुरुवारी ठरलेली वाटी पोकळा असतो, लसणीच्या फोडणीचा, आणि आयएनआर जागेवर आहे. सीमाभागात मराठी माणसाला असला कागद मराठीत मिळत नाही, म्हणून तो तुमच्या पुरवणीवर विसंबतो, आणि तुम्ही केळे हातात देता.

वॉरफरिन किंवा त्या जातीची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय के-२ घेऊ नये, एवढा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर, मथळ्याच्याच अक्षरात छापावा. शेवटच्या पानावर राशिभविष्याखाली नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)