मागचा पोर्ट बघ, मग ड्राइव्ह घे

प्रिय अनिरुद्ध,

तुझा दोन ओळींचा मेसेज मिळाला. "डेस्कटॉपला एक्स्टर्नल एसएसडी घ्यायची आहे. कुठली घेऊ, नुसतं नाव सांग." नुसतं नाव सांगणं जमलं असतं तर मागच्या वर्षी मी स्वतः फसलो नसतो. फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच "बरं, पण नाव?" म्हणणार आणि मी वैतागून एखादं नाव फेकणार. त्यापेक्षा पत्र बरं. सवडीने वाच.

आधी एक आगाऊ प्रश्न. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह, बाहेर लावायची कशाला? लॅपटॉपवाल्याचं समजू शकतो, त्याच्या मशिनच्या पोटात जागाच नसते. तुझ्याकडे अख्खं कॅबिनेट आहे, आणि मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, एम.२चा एखादा स्लॉट रिकामा असण्याची शक्यता बरीच आहे. तिथे बसणारी पट्टी जेमतेम २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. पीसीआय एक्सप्रेस ४.० या आतल्या वेगवान जोडणीची चांगली एसएसडी त्या स्लॉटमध्ये सेकंदाला ७,००० एमबीच्या आसपास वाचते. यूएसबीला लटकवलेली साधारणपणे १,००० किंवा २,००० देते. केवळ "सी ड्राइव्ह भरला" एवढंच दुखणं असेल तर कॅबिनेटचे दोन स्क्रू काढ आणि हे पत्र इथेच मिटून ठेव.

पण तुला फुटेज उचलून भावाच्या मशिनवर न्यायचं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणजे बाहेरचीच हवी. मग ऐक.

मी ड्राइव्ह घेतला तेव्हा डब्यावर ठळक अक्षरांत २,००० एमबी प्रति सेकंद लिहिलं होतं. मी खूश. घरी आणून कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला, कारण मागे वाकायचा कंटाळा. मोठी फाइल टाकली तर काटा साडेचारशेच्या पुढे सरकेना. ड्राइव्ह खराब निघाला अशी माझी खात्रीच झाली. बदलून आणायची तयारीही केली. मग मागच्या पोर्टला लावला, तर हजाराच्या आसपास. दोन हजार मात्र आजतागायत दिसलेले नाहीत आणि या मशिनवर दिसणारही नाहीत. ड्राइव्हचा दोष शून्य. माझा पुढचा पोर्ट ५ जीबीपीएसचा (सेकंदाला ५ गिगाबिट; आठ बिटांचा एक बाइट), मागचा १० चा, आणि ड्राइव्हला हवा होता २० चा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

कहर पुढे आहे. एकदा सोबतची केबल सापडेना, म्हणून मोबाइल चार्जिंगची टाइप-सी केबल लावली. तोच ड्राइव्ह, तोच पोर्ट आणि वेग सेकंदाला चाळीस एमबी! टाइप-सी हे फक्त टोकाच्या आकाराचं नाव आहे, वेगाचं नव्हे. चार्जिंगच्या बहुतेक केबलींमध्ये डेटासाठी जुन्या यूएसबी २.०च्याच तारा असतात, ४८० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटच्या. दिसायला दोन्ही केबली जुळ्या बहिणी. तेव्हापासून ड्राइव्हच्या केबलला मी लाल दोरा बांधून ठेवला आहे. बायको हसते, हसू दे.

नावांचा घोळ तर विचारूच नकोस. २००८मध्ये यूएसबी ३.० म्हणून जे आलं, त्याचंच बारसं पुढे ३.१ जेन १ असं झालं आणि नंतर ३.२ जेन १. वेग तिन्ही नावांचा एकच, ५ जीबीपीएस. ३.२ जेन २ म्हणजे १०, आणि ३.२ जेन २ बाय २ म्हणजे २०. त्यामुळे नुसतं "यूएसबी ३.२" असं कुणी लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. जीबीपीएसचा आकडा शोध. जेन २ बाय २ तर फारच थोड्या मदरबोर्डांवर सापडतो. गंमत म्हणजे ४० जीबीपीएसचा थंडरबोल्ट (टाइप-सी आकाराचीच आणखी वेगवान जोडणी) किंवा यूएसबी ४चा पोर्ट असला, तरी तो या २० वाल्या ड्राइव्हला २० देईलच असं नाही. बरेचसे गपचूप १० वर उतरतात. बहुतेक मॅकवरही तेच होतं. भावाचं मशिन मॅक आहे ना? मग २० वाला ड्राइव्ह त्याच्याकडेही बहुधा १० नेच चालणार.

तेव्हा पहिलं काम ड्राइव्ह बघायचं नाही. मदरबोर्डचं मॉडेल शोध, कंपनीच्या साइटवर त्याचं मॅन्युअल उघड आणि मागच्या प्रत्येक पोर्टसमोर काय लिहिलंय ते वाच. पोर्टच्या रंगावर जाऊ नकोस. निळा म्हणजे ५ हे बहुतेक वेळा जुळतं, पण लाल-हिरव्या रंगांचा कंपनीगणिक वेगळा कारभार असतो.

आणि खरंच २० ची गरज आहे का, ते जरा मोजून बघ. १०० जीबी फुटेज धर. चार्जिंगच्या केबलवर साधारण बेचाळीस मिनिटं. ५ जीबीपीएसला पावणेचार मिनिटं. १० ला शंभर सेकंद. २० ला पन्नास. बेचाळीस मिनिटांची शंभर सेकंदं झाली तर जगणं बदलतं. शंभराची पन्नास झाली तर तू तेवढ्या वेळात मोबाइल बघत बसशील, दुसरं काय करणार? शिवाय हे गणित दोन्ही टोकं वेगवान असतील तरच. तुझं जुनं फुटेज आतल्या फिरत्या हार्ड डिस्कवर आहे, आणि ती बिचारी सेकंदाला दीडशे एमबी देऊन थकते. तिथून कॉपी करताना समोर जगातली सर्वांत वेगवान एसएसडी असली तरी वेग दीडशेच.

म्हणून तुझ्यासाठी माझं मत १० जीबीपीएसचा ड्राइव्ह. सॅमसंग टी७ या गटातला, १,०५० एमबीचा. टी९ २,००० चा. या दोन नावांना चिकटून राहायची गरज नाही, गट लक्षात ठेव.

आता डब्यावर सहसा न लिहिलेली गोष्ट, आणि तुझ्या कामाला तीच जास्त लागू आहे. आतल्या चिपच्या एकेका कप्प्यात, म्हणजे सेलमध्ये, किती बिट कोंबले आहेत? टीएलसीत तीन, क्यूएलसीत चार. तीन बिटांसाठी विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चारासाठी सोळा. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकं लिहिणं सावकाश आणि झीज जास्त. ही सावकाशी लपवायला ड्राइव्ह काही सेल एकेका बिटानेच भराभर भरतो आणि नंतर निवांतपणे नीट रचतो. अचानक पाहुणे आले की आपण सगळा पसारा पलंगाखाली ढकलतो ना, तसं. थोडा पसारा असला तर पाहुण्यांना कळतही नाही. पण तू एका दमात ३०० जीबी ओतलंस की पलंगाखालची जागा संपते आणि क्यूएलसीचा वेग धाडकन कोसळतो, कधीकधी जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली. डब्यावरचा आकडा पलंगाखाली जागा असतानाचा असतो. दिवसाकाठी चार फाइली टाकणाऱ्याला क्यूएलसी पुष्कळ झाली. तुझं काम ओतण्याचं, तेव्हा टीएलसीच घे, आणि परीक्षणं वाचताना "सलग लिहिण्याचा वेग कितव्या जीबीनंतर पडला" तेवढा आलेख बघ.

झिजून संपेल याची मात्र धास्ती नको. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला ६०० टीबी लिखाणाची हमी असणं नेहमीचं आहे. रोज ५० जीबी लिहिलंस तरी ते संपायला जवळजवळ तेहतीस वर्षं लागतात. तोवर आपण दोघं चष्मा शोधत असू. आणि हो, १ टीबीचा ड्राइव्ह विंडोज ९३१ जीबी दाखवेल. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने. फोन करू नकोस.

दुसरा मार्ग म्हणजे रिकामं एन्क्लोजर, म्हणजे यूएसबीला लावायचा नुसता डबा, आणि त्यात बसवायला वेगळी एम.२ एसएसडी. डेस्कटॉपवाल्याला हा मला मनापासून आवडतो, कारण पुढेमागे तीच पट्टी काढून थेट मदरबोर्डवर लावता येते. फक्त एन्क्लोजर एनव्हीएमईचं (वेगवान पट्ट्यांसाठी) आहे की साटाचं (जुन्या, सावकाश पद्धतीच्या पट्ट्यांसाठी) ते तपास, सगळी दोन्ही घेत नाहीत. अॅल्युमिनियमचंच घे, लांब कॉपीत पट्टी चांगलीच तापते आणि तापली की स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. आणि ज्या स्वस्त पट्ट्यांवर स्वतःची डीरॅम, म्हणजे कामापुरती वेगवान मेमरी, नसते, त्या कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेऊन काम भागवतात. यूएसबीवरून ती उसनवारी चालत नाही.

१६ टीबीची चिमुकली एसएसडी मातीमोल भावात दिसली तर हात लावू नकोस. नामांकित कंपन्यांचे हातात मावणारे ड्राइव्ह अजून ४, फार तर ८ टीबीपर्यंत आहेत. नकली डब्यात बहुधा एखादं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. ते कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतं आणि भरलं की जुन्या फाइलींवरच नव्या लिहीत सुटतं. नवा ड्राइव्ह आणल्याबरोबर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने एकदा पूर्ण भरून तपासून घे.

फॉरमॅट: भाऊ मॅकवर, म्हणजे एक्सफॅट. विंडोजची नेहमीची मांडणी एनटीएफएस; मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅटवर दोघंही लिहितात. एक्सफॅटची मात्र एक खोड आहे. त्याला अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवायची सवय नाही. हे मी कसं शिकलो ते तुला अजून सांगितलेलं नाही. कॉपी चालू असताना टेबलाखाली पाय लांब केला आणि केबल निघाली. परत लावली तर एक अख्खं फोल्डर गायब, आणि मूळ प्रत मी "आता एसएसडीवर आहे की" म्हणून आदल्याच दिवशी उडवलेली. आठ महिन्यांचे फोटो होते. एसएसडीवरून उडालेलं परत काढणं हार्ड डिस्कपेक्षा कठीण, कारण रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःहून पुसून ठेवते. त्या दिवसापासून ड्राइव्ह 'इजेक्ट' केल्याशिवाय मी खुर्चीही हलवत नाही.

म्हणून तुझी जुनी हार्ड डिस्क फेकू नकोस. कामाची प्रत एसएसडीवर, ठेवणीतली त्या थकलेल्या डिस्कवर. उलटं करू नकोस. एसएसडी विजेशिवाय वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नाही. पूर्ण झिजलेल्या एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच साध्या वापरासाठीची जेडेकची (मेमरी चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची) अट आहे. नवी बरंच जास्त टिकवते, पण वाढदिवसाचे व्हिडिओ त्या भरवशावर सोडायचे का?

तर आज एवढंच कर. टॉर्च घे, कॅबिनेट पुढे ओढ आणि मागच्या पोर्टांचा एक फोटो मला पाठव. धूळ पुसून काढ, मागच्या वेळी पाठवलेल्या फोटोत पोर्ट कुठला आणि जाळं कुठलं तेच कळत नव्हतं.

तुझा,
मिलिंद

ता. क. केबल लांब घ्यायचा मोह होईल, कारण तुझं कॅबिनेट टेबलाखाली आहे. १० जीबीपीएसला केबल मीटरभराच्या आतच ठेव. आणि ती पायांच्या बाजूने नेऊ नकोस.