प्रॉमिथिअस पळाला नव्हता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या लेखांत हल्ली ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे नाव वारंवार वाचायला मिळते आणि बहुतेक वेळा ते राक्षसाचे नाव म्हणून येते. वास्तविक इंग्रज लेखिका मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या कादंबरीत फ्रँकेन्स्टाइन हे त्या प्राण्याला घडविणाऱ्या व्हिक्टर या तरुणाचे आडनाव आहे. प्राण्याला नावच नाही. (पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचेही नाव नव्हते.) ही चूक किरकोळ वाटेल, परंतु कादंबरीचे उपशीर्षक ‘आधुनिक प्रॉमिथिअस’ असे आहे आणि ते कोणाला उद्देशून आहे, हेच या चुकीमुळे हरवते.

प्रॉमिथिअस हे ग्रीक पुराणकथांतील पात्र. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात तो पोकळ देठात अग्नी लपवून माणसांसाठी आणतो आणि संतापलेला देवांचा राजा झ्यूस त्याला जखडून ठेवतो. गरुडाने दिवसा खाल्लेले त्याचे यकृत रात्री पुन्हा वाढते. रोमन कवी ऑव्हिडच्या कथेत तोच मातीत पाणी कालवून माणूस घडवितो. निर्जीव देहात जीवनाची ठिणगी भरू पाहणाऱ्या व्हिक्टरमध्ये शेली यांनी हे दोन्ही प्रॉमिथिअस एकत्र आणले, असे मला वाटते. मर्यादा ओलांडणाऱ्याला शिक्षा होते, एवढेच साम्य सांगून आपण थांबतो. ते मात्र अर्धेच आहे.

प्रॉमिथिअसला शिक्षा झाली ती माणसांची बाजू घेतल्यामुळे. ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावे असलेल्या नाटकात तो माणसांना अंक, अक्षरे आणि औषधे शिकविल्याचे अभिमानाने सांगतो. उलट, नोव्हेंबरातील त्या रात्री प्राण्याचा निस्तेज पिवळा डोळा उघडताच व्हिक्टर खोलीतून पळून जातो. पुढे त्या प्राण्याला भटक्या भिकाऱ्यांनी मागे सोडलेला विस्तव रानात सापडतो. उबेने हरखून तो निखाऱ्यांत हात घालतो आणि पोळल्यावर ओरडत मागे घेतो. अग्नी हाती देणारा, तो कसा धरायचा हे सांगणारा त्याला कोणीच नव्हता. भाषाही तो एका झोपडीच्या फटीतून डोकावत, परक्या कुटुंबाचे बोलणे ऐकत शिकला. आल्प्समधील हिमनदीवर निर्मात्याशी गाठ पडते तेव्हा तो आधी मागतो ते एवढेच, की माझ्याविषयीचे तुझे कर्तव्य कर.

गणेशोत्सवाआधी आमच्या शाहूपुरीतील कुंभार गल्लीत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालू असताना मी अनेकदा थांबतो. बारीक कुंचला हाती धरून, श्वास रोखून कारागीर डोळा रेखतो आणि मग एक पाऊल मागे सरतो. पण मागे सरतो तो नजर नीट उतरली की नाही हे पाहण्यासाठी, आणि काही उणे राहिले असेल तर पुन्हा पुढे येतो. कादंबरीतील ते पान मला दर वर्षी तिथेच आठवते. व्हिक्टर पुन्हा पुढे आला असता, तर त्याच्या हातून घडलेला जीव खुनी झाला असता का, हा प्रश्न शेली यांनी दोनशे वर्षांपूर्वी विचारला आणि आज यंत्रे घडविणाऱ्यांनाही तोच विचारायला हवा.

म्हणून आपल्या लेखकांना विनंती आहे, की फ्रँकेन्स्टाइन हे नाव त्यांनी निर्मात्यासाठीच वापरावे. ज्याला त्याने नावही दिले नाही, त्याच्यावर ते लादू नये.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर