दहानंतरच्या स्पीकरला मीटर कशाला?

माननीय संपादक महोदय,

गेली बावीस वर्षे मी गोव्यातील पेडणे आणि बार्देश तालुक्यांतील जत्रा, काले आणि उत्सवी नाटके यांना ध्वनिव्यवस्था पुरवतो. स्पीकर हीच माझी रोजीरोटी असल्यामुळे आवाजाविरुद्ध लिहिण्याची वेळ माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. परंतु मोरजी, मांद्रे, हरमल, हणजूण, वागातोर या पट्ट्यात वाढत चाललेल्या पार्टी हॉस्टेलांविषयी जी चर्चा होते, तिच्यात एक साधी कायदेशीर बाब सतत दुर्लक्षित राहते, आणि ती सांगणे माझ्या धंद्यातल्या माणसाचेच काम आहे असे मला वाटते.

आमच्या वाड्यावरील एक कौलारू घर तीन वर्षांपूर्वी भाड्याने गेले. पाच-सहा माणसांच्या त्या घरात आता दुमजली पलंगांच्या रांगा आहेत आणि पाहुण्याला खोली नव्हे, तर एकेक खाट दिली जाते. खाटेचा दर इतका कमी असतो की त्यावर घरभाडे आणि नोकरांचा पगार भागणे कठीण. खरी कमाई अंगणातल्या बारवर आणि रोजच्या कार्यक्रमांवर होते. एका संध्याकाळी सर्वांचे एकत्र जेवण, दुसऱ्या दिवशी बिअरचे खेळ, तिसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून दुचाकींवरून पब क्रॉल, म्हणजे एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये फेरी, आणि रोज रात्री माडाच्या झावळ्यांच्या छपराखाली डीजे. कागदोपत्री हे राहण्याचे ठिकाण असते. दिवे लागल्यानंतर मात्र तो उघड्यावरचा क्लब होतो, आणि क्लबकडून जी जबाबदारी अपेक्षित असते ती त्याच्याकडे कोणीच मागत नाही.

आवाजाची तक्रार केली की पहिला प्रश्न येतो तो आवाज मोजण्याच्या मीटरचा. गेल्या जानेवारीत रात्री साडेअकरा वाजता मी फोन केला, तेव्हा मीटर उपलब्ध नाही आणि मोजणी केल्याशिवाय कारवाई करता येत नाही, असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या खेपेस माणसे आली, पण ती फाटकाशी पोहोचण्याआधीच अंगणातला आवाज खाली गेला होता. मिक्सरवरची एक पट्टी बोटाने खाली ओढायला एक सेकंद पुरतो, हे मी रोज करतो म्हणून मला ठाऊक आहे. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि पट्टी पुन्हा वर गेली.

वास्तविक ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्यांची गल्लत केली जाते. पहिली गोष्ट पातळीची : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. तिच्यासाठी मीटर हवा. दुसरी गोष्ट वेळेची : रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकर वापरताच येत नाही, अपवाद फक्त सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या लोकांपुरत्या वापराचा आणि सार्वजनिक आणीबाणीचा. तक्रारीचा अधिकार देणाऱ्या कलमातही मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज आणि रात्रीच्या बंधनांचा भंग ही दोन कारणे स्वतंत्रपणे नोंदवली आहेत. अंगण, गच्ची, पोहण्याच्या तलावाचा काठ किंवा झावळ्यांचा मांडव यांना बंदिस्त जागा म्हणता येणार नाही. तेथे दहानंतर स्पीकर चालू असणे हाच नियमभंग आहे, आणि तो ओळखण्यासाठी मनगटावरचे घड्याळ पुरेसे आहे.

मीटरवर सगळी भिस्त ठेवण्यात आणखी एक अडचण आहे. हे मीटर ज्या पद्धतीने आवाज मोजतात, तीत खालच्या पट्टीतल्या आवाजाला फार कमी वजन मिळते. ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. शेजाऱ्यांची झोप उडवतो तो नेमका हाच भाग, ज्याला आम्ही बेस म्हणतो. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर असते, त्यामुळे चिऱ्याची भिंत किंवा बंद खिडकी तिला फारशी अडवत नाही. गाण्याचे शब्द आमच्या घरात येत नाहीत, गायकाचा आवाजही येत नाही. येतो तो केवळ ठोका, आणि त्या ठोक्याबरोबर स्वयंपाकघराच्या फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहतात. माझी आई ते पेले रात्री खाली उतरवून फडक्यावर पालथे घालते.

पर्यटनाचा ऐन हंगाम डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि त्याच सुमारास आमचा पौष असतो. पौषात मांडावर, म्हणजे वाड्यातल्या ठरलेल्या मानाच्या जागी, बायकांचे धालो हे गाण्या-नाचाचे खेळ होतात. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि हातात हात गुंफून, पुढेमागे झुलत एकीने म्हटलेली ओळ दुसरीने उचलायची असते. तेथे माईक नसतो आणि वाद्याचाही आधार नसतो, म्हणून समोरच्या रांगेचा सूर ऐकू येणे हाच त्या गाण्याचा प्राण आहे. यंदा मांडापासून दोनशे पावलांवर तो ठोका सुरू होता. आई लवकर परत आली आणि ओसरीवर बसून एवढेच म्हणाली, "आमचोच आवाज आमकां आयकूंक येना." आयुष्यभर लोकांचे आवाज मोठे करून देणाऱ्या माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हते.

आमची नाटके रात्रभर चालायची, मग हॉस्टेलांनाच बोल का, असे मला कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्त आहे. उत्तर असे की नियम आम्हालाही लागू झाला आणि आम्ही तो सोसला. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सवलत देऊ शकते. सवलत नसेल त्या दिवशी आमच्या गावचे नाटक संध्याकाळी सातला उभे राहते. पहाटेच्या प्रवेशाची गंमत गेली, म्हाताऱ्या रसिकांना वाईट वाटले, माझेही भाड्याचे तास घटले, तरी दहाच्या ठोक्याला मी अ‍ॅम्प्लिफायर बंद करतो. वर्षातून एकदा होणाऱ्या जत्रेला जे बंधन आहे, ते वर्षाचे सहा-सात महिने रोज रात्री चालणाऱ्या धंद्याला नसावे, हे कोणत्या न्यायात बसते?

येणाऱ्या मुलामुलींवर माझा राग नाही. एका सकाळी तेथील दोन मुली पाणी मागायला आमच्या दारात आल्या होत्या. डोळे तारवटलेले होते. त्यांचे पलंग स्पीकरच्या वरच्याच खोलीत होते आणि तीन रात्री झोप नाही, असे त्या सांगत होत्या. स्वस्तात गोवा पाहायला आलेल्या सगळ्यांनाच पहाटेपर्यंत नाचायचे असते असे नाही. ज्यांना नाचायचे आहे त्यांच्यासाठीही मार्ग आहे. काणकोणातील पाळोळे येथे कानाला हेडफोन लावून नाचण्याच्या पार्ट्या अनेक वर्षे होत आल्या आहेत, आणि त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली तरी पर्यटकांनी पाळोळे सोडल्याचे ऐकिवात नाही. मोरजी, मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तीही याच हंगामात, याचाही विचार व्हावा.

परवान्याचा कागद एक आणि प्रत्यक्षातला धंदा दुसरा, हे किती महागात पडू शकते ते डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीने दाखवले. २५ जणांचा जीव गेला आणि त्यांतले बहुतेक तेथे राबणारे कामगार होते. आमच्या शेजारच्या घराला एकच फाटक आहे आणि हंगामात तेथे चाळीस-पन्नास माणसे असतात. त्या आकड्याकडे मला आता पूर्वीसारखे पाहता येत नाही.

उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हणजूण-वागातोरच्या रात्रीच्या आवाजाची अनेकदा दखल घेतली आहे; पण प्रत्येक वाड्याने पर्वरीतील त्या न्यायालयाची पायरी चढावी अशी अपेक्षा ठेवणे बरे नव्हे. पर्यटन खात्याने हॉस्टेलांची नोंदणी करताना तेथे किती खाटा आहेत, बार आहे का आणि संगीत कोठे वाजते, हे स्वतंत्रपणे लिहून घ्यावे व तो कागद फाटकावर लावणे सक्तीचे करावे. नियमानुसार कारवाईचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा उपअधीक्षक व त्यावरील दर्जाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे असतो. आपल्या भागासाठी असा कोणता अधिकारी नेमला आहे आणि रात्री त्याचा कोणता फोन चालू असतो, हे प्रत्येक पंचायतीच्या फलकावर लिहिलेले असावे. आणि फोन उचलणाऱ्याने मीटरची चौकशी करण्याआधी किती वाजले आहेत आणि स्पीकर उघड्यावर आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. नवा हंगाम ऑक्टोबरात सुरू होईल. त्याआधी हे आदेश निघावेत, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक ध्वनिव्यवस्था व्यावसायिक,
पेडणे, गोवा