फुसका बार कानाने ओळखणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर बोलण्यापलीकडे काही करत नाही, हे ठाऊक आहे. हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं त्याच्याशी बोलून ठेवलंय. चारचौघांत लिहितोय, कारण आपल्या जिल्ह्यात माझ्यासारखे परवानाधारक बरेच आहेत. कुणाचा पेट्रोल पंप, कुणाचं सराफी दुकान, कुणाची रानातली वस्ती. वडिलांचं हत्यार वारसाने नावावर आलेलं. वर्षातून एकदा पुसायचं, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचं, निकालानंतर परत आणायचं. बाकी माहिती सिनेमातली. त्यांनीही हे वाचावं.

तो रविवार आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरचा. दोन-तीन दिवसांपूर्वीच पोरांना घेऊन होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघून आलो होतो. एक बाण वर न जाताच फुस्स झाला तेव्हा सगळी गर्दी हसली होती, मीही हसलो होतो. आपल्याकडे फुसका बार म्हणजे हसण्याचीच गोष्ट.

नेमबाजीच्या रेंजवर वडिलांचं .३२ रिव्हॉल्व्हर घेऊन उभा राहिलो. काडतुसंही त्यांच्याच वेळची. पहिले दोन बार नीट झाले. तिसऱ्याला हाताला झटका जवळजवळ बसलाच नाही. कानावर मफ होते, शेजारच्या लेनवर फायरिंग चालू होतं, त्यामुळे आवाजाचा फरक मला कळलाच नाही. वाटलं, गेली गोळी. चौथ्यासाठी चाप ओढायला लागलो आणि मागून तुमचा पंजा माझ्या मनगटावर आला. "ए! बोट काढ बाहेर!" नळी समोर टार्गेटमागच्या बांधाकडेच राहील एवढी काळजी घेऊन तुम्ही हात जागच्या जागी धरून ठेवलात.

खरं सांगतो, मला राग आला होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, हाताखाली वीस कामगार, आणि पोरासोरांसमोर "ए" म्हणून हाक! परत यायचं नाही असंही मनात ठरवून टाकलं होतं.

मग तुम्ही टार्गेटकडे बोट दाखवलंत. बार तीन, भोकं दोन. रिव्हॉल्व्हर मोडून उघडलं, सगळी काडतुसं काढून बाजूला ठेवली, काडतुसं बसतात ते चक्र रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि खिशातली पितळी कांडी नळीत तोंडाकडून सोडली. कांडी निम्म्यातच अडली. तिसरी गोळी तिथे बसली होती. तिच्या मागोमाग चौथी सोडायला मला अर्धा सेकंद पुरला असता.

पुढे काय झालं असतं, ते तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. मागची गोळी पूर्ण वेगाने येऊन अडकलेल्या गोळीवर आदळते, तिच्यामागच्या वायूला वाट मिळत नाही, दाब कुठच्या कुठे जातो. नशीब चांगलं असेल तर नळीला बांगडीसारखा फुगवटा येऊन भागतं. नसेल तर नळी फाटते, आणि ती फाटते तेव्हा हात तिथेच असतो, तोंडही फार लांब नसतं.

तुम्ही सांगितलेलं आणखी एक मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पिस्तुलात फुसका बार झाला तर बहुतेक वेळा वरची सरकती स्लाइड पूर्ण मागे येत नाही, पुढचं काडतूस आपोआप भरत नाही. तिथे धोका आपल्या सवयीचा. अडकलं म्हणून थाप मारून स्लाइड ओढली की दुसरं काडतूस चेंबरमध्ये आणि पहिली गोळी नळीत! रिव्हॉल्व्हर तर थांबतही नाही. मागचा बार कसा झाला याच्याशी चक्राला देणंघेणं नसतं. चाप ओढला की ते फिरतं आणि पुढचं काडतूस समोर आणून ठेवतं. गोळी चक्र आणि नळीच्या मधोमध अडकली तर चक्र जाम होतं, तेवढीच सुटका. लोक रिव्हॉल्व्हरला साधं, बिनधोक हत्यार म्हणतात. मीही म्हणत होतो.

उस्ताद, माझा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोडला आहे. तिथे माग दुरुस्त करणारा आमचा जॉबर चहा पिता पिता मान न वळवता म्हणतो, "सात नंबर बंद करा." बारा मागांच्या खडखडाटात त्याला एका मागाचा खटका हलका पडलेला ऐकू येतो. आडवा धागा नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांत अडकलेला असताना फणी आपटली तर शेकडो धागे तुटतात, हे मी लहानपणापासून बघतोय. म्हणजे तुमची गोष्ट मला माझ्याच धंद्यात रोज दिसत होती, फक्त हातात रिव्हॉल्व्हर असताना ती आठवली नाही. नंतर तुम्हाला विचारलं, एवढ्या आवाजात कळलं कसं? तुम्ही म्हणालात, "आवाज अर्धा ऐकला, तुमचा हात झटक्याने वर गेला नाही ते पूर्ण बघितलं." शिवाय चक्राच्या फटीतून धूर जरा जास्तच आला होता, तोही तुमच्या नजरेतून सुटला नव्हता.

खोट माझ्याच घरातली होती. काडतुसं वर्षानुवर्षं चक्रात भरून ठेवलेली, आणि गंज नको म्हणून दर पावसाळ्याआधी वरून तेलाची धार. वडील तसं करायचे म्हणून मीही. ते तेल काडतुसाच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, तिच्या कडेने आत झिरपतं. टोपी पेटली तरी ओलावलेली दारू नीट पेटत नाही. कांडीने गोळी मागे ढकलून काढल्यावर नळीतून न जळलेल्या दारूचे चिकट कण पडले, ते तुम्ही कागदावर घेऊन मला दाखवलेत. मुळात दारू भरायचीच राहिलेली असली तरी नुसत्या टोपीचा जोर गोळीला नळीत ढकलून अडकवायला पुरतो, हेही तेव्हाच कळलं. कारखान्यातल्या नव्या काडतुसांत हे क्वचित घडतं. घरी भरलेल्या काडतुसांत माप चुकून घडतं, आणि परवान्याशिवाय ती भरणं बेकायदेशीरच आहे. उरलेली दोन मी खिशात टाकत होतो. परवान्यावर मोजूनच मिळतात, महाग असतात, टाकवत नाहीत. तुम्ही ती माझ्या हातातून काढून घेऊन जमा करायला लावलीत. त्या हावरटपणाची आता लाज वाटते.

आता काडतुसं मूळ खोक्यातच, कोरड्या कपाटात, कुलपात ठेवतो. चामड्याच्या पट्ट्यातली काढून टाकली, त्यात पितळेवर हिरवट कळंक चढला होता. चक्र पुसतो तेव्हा काडतुसं दुसऱ्या टेबलावर असतात, आणि तेलाचा हात कोरडा केल्याशिवाय त्यांना लावत नाही. रेंजवर एक बार, एक भोक. भोक दिसल्याशिवाय दुसरा नाही. आवाज, झटका, धूर, काहीही वेगळं वाटलं की बोट बाहेर. चाप ओढून नुसता खट्ट झाला तर हत्यार समोर धरून निदान तीस आकडे मोजतो, कारण बार उशिराही होऊ शकतो. पहिल्यांदा ते तीस आकडे फार लांब वाटले होते.

पुतणीचं सांगायचं राहिलं. राही सरनोबतांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, त्याचा व्हिडिओ बघून तिला .२२ च्या पिस्तुलाचं वेड लागलंय. त्या प्रकाराच्या रॅपिड फेरीत टार्गेट फक्त तीन सेकंद समोर असतं. एवढ्या घाईत पोर थांबेल का, ही माझी धास्ती. तुम्ही तिला नियमच सांगितलात: नळीत गोळी अडकणं हा स्पर्धेत मान्य असलेला बिघाड आहे. पिस्तूल न सोडता समोर रोखून धरायचं, मोकळा हात वर करायचा, अधिकारी येईपर्यंत तसंच उभं राहायचं. ती आता घरी जेवताना ताटावर हात वर करून सराव करते. तिची आई वैतागली आहे.

तुमचे आभार मानायचे म्हणून दोनदा रेंजवर आलो, दोन्ही वेळा "बरं बरं, मफ लाव" म्हणून तुम्ही मला लेनवर पिटाळलंत. म्हणून हे लिहून काढलं. आणि हो, त्या दिवसाची तुमची पितळी कांडी अजून माझ्याच बॅगेत आहे. रविवारी घेऊन येतो. पण मला तसलीच एक कुठे मिळेल, तेवढं सांगून ठेवा.

तुमचा,
तिसऱ्या लेनवाला