परदेशात जन्मलेले सगळेच परके नसतात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील स्थलांतरितांवरच्या आपल्या लेखात 'परदेशात जन्मलेले' आणि 'नागरिक नसलेले' हे एकच धरले आहे. ही चूक मनाला लागली. इथल्या जनगणना खात्याच्या पाहणीचा फॉर्म मी जेवणाच्या टेबलावर बसून भरला, तेव्हा आमच्या एकाच घरात तीन उत्तरे निघाली. मुलगी जन्माने नागरिक, मी शपथ घेऊन झालेली, आणि यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच. वंशाच्या रकान्यात मात्र तिघांपुढेही 'एशियन इंडियन'वरच खूण. मी मत देते, तरी त्या आकडेवारीत कायम 'परदेशात जन्मलेली'च राहणार. अमेरिकेच्याच अखत्यारीतल्या प्वेर्टो रिको बेटावर जन्मलेला माणूस मात्र त्याच आकडेवारीत 'नेटिव्ह', म्हणजे जन्माने नागरिक, गणला जातो.

१९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्वास अपात्र ठरवले. भारतीयांसाठी ते दार कायद्याने उघडले थेट १९४६ मध्ये. म्हणूनच नागरिकत्वाच्या चौकटीत खूण करताना माझा हात क्षणभर थांबला होता.

पुढच्या लेखात हे दोन्ही आकडे वेगवेगळे छापावेत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी