सात नंबरच्या बेडकडून सिस्टरना

सिस्टर,

माझं नाव तुम्हाला आठवायचं नाही. सात नंबरच्या बेडवरच्या आबांचा मुलगा, तुमच्याशी भांडला तो, म्हटलं की आठवेल.

दुसऱ्या एका दवाखान्यात अठरा दिवस काढून आम्ही आबांना कोल्हापुरात तुमच्या आयसीयूत आणलं. ताप नाही, जखम भरत आलेली. तरी तुम्ही आल्या आल्या गुदद्वारातला स्वॅब घेतलात आणि रिपोर्ट येईपर्यंत बेडला पाटी लावलीत: गाऊन, हातमोजे, स्टेथोस्कोप वेगळा. मी तापलो. "आमच्या माणसाला वाळीत टाकताय काय?" असं चारचौघांत बोललो.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. आतड्यात क्लेबसिएला नावाचे जंतू, कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकलाही न जुमानणारे. "मग औषध सुरू करा की," मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, आजारच नाही तर औषध कशाला? जंतू आतड्यात नुसते वस्तीला आलेत. उगाच अँटिबायोटिक दिलं तर साधे जंतू मरतील आणि हेच माजतील. आबांना काही होणारही नाही कदाचित. पण शेजारच्या बेडवरच्या, नळ्या लावलेल्या पोराच्या रक्तात ते उतरले, तर हाताशी कोलिस्टिनसारखी मोजकीच औषधं उरतात, त्यातली काही किडनीवर भारी.

आमचा धंदा दुधाचा. म्हणून तुम्ही विचारलंत, "विरजणाचा चमचा पुसून दुसऱ्या पातेल्यात घातला तर?" तिथं माझं तोंड बंद झालं. पुसलेला चमचा स्वच्छच दिसतो हो.

आणि आमची माणसं! गावाकडनं जो येईल तो आबांच्या पायाला हात लावणार आणि त्याच हातानं शेजारच्या पोराचा खांदा थोपटून "काय पावणं, बरं हाय न्हवं?" विचारणार. आत्या तर अंबाबाईचं कुंकू घेऊन आलेली. तुम्ही तिला अडवलं नाहीत. आधी हातावर सॅनिटायझर ओतलंत, वीसपर्यंत मोजत चोळायला लावलंत, मग कुंकू लावू दिलंत, आणि निघताना पुन्हा वीस. आत्या अजून मोठ्यानं मोजते.

१८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस डॉक्टरांनी हात धुवायला लावले, तेव्हा खुद्द डॉक्टरच रागावले होते, असं नंतर वाचलं. तेवढाच मला दिलासा.

खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. गाऊन चढवून तुम्ही आबांजवळ बसायचात, म्हशीच्या फॅटवरून त्यांच्याशी वाद घालायचात. पाटी होती, पण आबांना कधी ओशाळं वाटलं नाही.

डिस्चार्जच्या वेळी फाईलच्या पहिल्या पानावर तुम्ही लाल शाईनं लिहिलंत, "सीआरई वाहक. कुठंही ॲडमिट होताना दाखवावे." सीआरई म्हणजे हेच कार्बापेनेमला न जुमानणारे जंतू. परवा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेलो. काउंटरवरच्या मुलीनं "काय त्रास आहे?" विचारलं. आबा म्हणाले, "डोळ्याचं नंतर बघू. आधी हे लाल अक्षर वाच."

आपला,
आबांचा थोरला